दीड हातावर एक गाठ

मंगरूळपीरच्या स्टँडवर माझ्या सुटकेसची चेन तुटली आणि बाबांनी ती लावणीच्या दोरीनं बांधली. माझं घर सोडणं एवढंच. कोणी रडलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष त्या चेनीत अडकलेलं. अकोल्याची एसटी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून घाई करत होता, आई सुटकेसवर गुडघा दाबून बसली होती आणि बाबा दोरीचे वेढे घेत होते. दोरी त्यांच्या पिशवीतच होती. मला गाडीत बसवून ते थेट वावरात कोबीची रोपं लावायला जाणार होते.

"मंग लावणी कशी करसान?" मी विचारलं.

"माही नजर हाय ना," ते म्हणाले. "तीस वर्सं झाले दीड हात पाहून. दोरी आता कायले लागते? तू ने."

ती दोरी म्हणजे काही विशेष नव्हती. पांढरी, मातीनं तपकिरी झालेली, दर दीड हातावर एक गाठ. सरीच्या दोन टोकांना खुंट्या मारायच्या, दोरी ताणायची आणि गाठ दिसेल तिथे एक रोप. मी सहावीत होते तेव्हापासून गाठी मोजत रोपं लावत आले. रोप गाठीच्या जरा इकडे-तिकडे गेलं की बाबा काही बोलत नसत, नुसते येऊन ते उपटत आणि जागेवर लावत. त्याचा मला भयंकर राग यायचा. मी तशी रागीटच आहे, आईच्या भाषेत सांगायचं तर तव्यावरचं पाणी.

निघायच्या आदल्या दिवशी याच दोरीनं मी त्यांना माझा विषय समजावून सांगितला होता. आम्ही वावराच्या फाटकाशी उभे होतो. आमचं फाटक उभ्या बांबूंचं, मधे चार बोटांच्या फटी. बाबा म्हणाले, "जातीस तं खरं, पण तिथं जाऊन करशीन काय तू?"

मी दोरीचं एक टोक फटीतून आत घातलं, ते त्यांच्या हातात दिलं आणि बाहेरून दोरी वर-खाली हलवली. लाट फटीतून पार त्यांच्या हातापर्यंत गेली. मग आडवी हलवली. लाट बांबूवर आपटली आणि तिथेच मेली.

"उजेड बी असाच हालते बाबा. उभा, आडवा, तिरपा. आपल्याले दिसत नाई तेवढंच. मी अशे फाटकं बनवणार, लय बारीक. कोणता उजेड आत सोडाचा अन कोणता नाई, ते फाटक ठरवंन."

त्यांनी दोरी बोटांत नीट धरली. मग डोळे मिटून म्हणाले, "हालव." मी हलवली. "उभं," ते म्हणाले. परत हलवली. "काई नाई आलं. म्हंजे आडवं." आणि मग हसत, "म्हंजे आपून ढोरं अडवतो, तशी तू उजेडाले अडवशीन." एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला कोणी यापेक्षा सोपं सांगितलं नव्हतं.

जर्मनीत येना नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे, तिथे मी गेले आणि तिथलीच झाले. आमच्या प्रयोगशाळेत धुळीचा एक कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, दोन हातमोजे, तोंडावर पट्टी, आणि दिवे सगळे पिवळे. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "धूळच नाई तं तिथं पिकते तरी काय?" पिकत होतं ते असं: नखाएवढ्या काचेवर कोट्यवधी खांब. एकेक खांब केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक. ते आडव्या-उभ्या ओळींत, ठरलेल्या अंतरावर उभे करायचे. खांब लांबट असला आणि जरा फिरवून उभा केला, की त्याच्यातून जाणाऱ्या उजेडाच्या हलण्याची दिशा बदलते. आणि दोन खांबांमधलं अंतर नेमकं साधलं, की एकच रंग त्या काचेत घुमत राहतो. बाकीचे रंग सरळ निघून जातात. आमच्या विहिरीत वाकून बाबा वेगवेगळ्या पट्टीत 'हूं' म्हणायचे, त्यातला एकच सूर अख्ख्या विहिरीत भरून यायचा आणि बाकीचे विरून जायचे, तसंच हे. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. मी मनात विहीरच म्हणते.

अंतर चुकलं की सगळं मुसळ केरात. म्हणून माझं मुख्य काम ओळी तपासण्याचं. एक ओळ किंचित वाकडी गेली तर ती मला आकड्यांच्या आधी दिसायची. माझे सर म्हणायचे, ही नजर तुला कुठून मिळाली? मी सांगायचे, कोबीतून. त्यांना ती गंमत वाटायची. गंमत नव्हती ती. दोरी माझ्या खोलीत कपाटाच्या आतल्या खिळ्याला टांगलेली होती आणि बरेच दिवस तिला आमच्या मातीचा वास होता. इथल्या दुकानात एकेक वांगं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, पेशंट असल्यासारखं. पहिल्या वर्षी ते पाहून मी हसायचे, दुसऱ्या वर्षी मला त्याचा संताप आला आणि नंतर मी ते मुकाट्यानं विकत घेऊ लागले. स्थलांतर म्हणजे बहुतेक हेच असतं.

पाच वर्षांपूर्वी गावी गेले तेव्हा सोबत एक फोटो फ्रेम करून नेला. सूक्ष्मदर्शकातून काढलेला, माझ्या काचेवरच्या खांबांचा. बाबांनी तो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, मान इकडून तिकडे फिरवत भरपूर वेळ पाहिला. "कोबी लावली का?" म्हणाले. आईनं तो दाराशेजारी कॅलेंडरच्या बाजूला टांगला. त्यानंतर घरी जो येईल त्याला बाबा तो दाखवायचे. "हे माह्या पोरीचं वावर."

त्याच भेटीत मी सकाळी वावरात गेले. वांग्याची नवी लावणी झालेली होती आणि ओळी वाकड्या होत्या. थोड्याथोडक्या नाही. डावीकडून सुरू झालेली ओळ मधेच पोट काढून उजवीकडे गेली होती, कुठे दोन रोपं एकमेकांच्या अंगावर, कुठे बैल बसेल एवढी मोकळी जागा. मी हसले. जोरात हसले. "बाबा, काय हे? रोपं लावली का रांगोळ्या काढल्या?"

ते पण हसले. "जमीनच वाकडी हाय आपली," म्हणाले.

हा प्रसंग मी येन्यात दोन-तीनदा जेवताना मित्रांना सांगितला. सगळे हसले. ज्या बाईला केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी वाकडी ओळ दिसते, तिला बापाची वाकडी सरी दिसली आणि तिनं त्याचा विनोद केला.

परत गेल्यावर काही महिन्यांनी आमच्याकडे नवीन काम आलं. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर, मज्जातंतूंचा एक पातळ थर असतो. त्यातून उजेड जाऊन परत आला की त्याच्या हलण्याची दिशा थोडी बदललेली असते. किती बदलली ते मोजलं की थर किती जाड आहे ते कळतं. काचबिंदूत हाच थर झिजतो, माणसाला पत्ता लागायच्या कितीतरी आधी. असं मोजणारी मोठी यंत्रं दवाखान्यांत पूर्वीपासून आहेत. आम्हाला तेच काम नखाएवढ्या काचेवर, कुठेही नेता येईल अशा कॅमेऱ्यात आणायचं होतं. मी त्या काचा बनवायच्या होत्या. तपासायला आम्ही एकमेकांचेच डोळे घेतले. आधी एक फॉर्म भरायचा होता आणि त्यात प्रश्न होता: घरात कोणाला काचबिंदू आहे का?

मी जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, आपल्यात कोणाले काचबिंदू होता का?"

"बुढ्याले मोतीबिंदू होता," ते म्हणाले. बुढा म्हणजे माझे आजोबा. "काहून?"

"मोतीबिंदू निराळा. काचबिंदूत कडाकडानं दिसेनासं होते. समोरचं दिसते, म्हणून मानसाले समजतच नाई."

  मग त्यांनी विचारलं, "मंग त्याले औषध असते का?"

माझं जेवण निवत होतं, फॉर्म समोर होता आणि मशीनची वेळ दोनची होती. मी म्हणाले, "लवकर समजलं तं असते. उशीर झाला तं काईच नाई."

"अस्सं," ते म्हणाले. मग आईच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी बोललो. फोन ठेवला आणि मी फॉर्ममध्ये 'नाही' या चौकोनात खूण केली. माझ्या डोळ्यांचा नकाशा उत्तम आला. सगळे हिरवे-निळे रंग जिथे असायला हवे तिथे. तो आजही माझ्या कॉम्प्युटरवर आहे.

त्यानंतर मी चार वर्षं गावी गेले नाही. आधी साथीमुळे कोणालाच कुठे जाता येत नव्हतं, मग नोकरीचा करार, मग व्हिसाचं काही, मग माझा आळस. शेवटचं कारण खरं. फोन होत होते. आई फोन धरायची, बाबा समोर बसायचे आणि माझ्या आवाजाकडे बघून बोलायचे. ते माझ्याकडे बघतायत असं मला वाटायचं. एकदा आईनं वावराचा फोटो पाठवला. फुलकोबीची लावणी, आणि ओळी अगदी सरळ, एकही रोप इकडे-तिकडे नाही. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, म्हातारा परत लायनीवर आला.

त्यांनी नवीन दोरी वळली होती. पहिलीपेक्षा मोठ्या गाठींची, हाताला लागाव्यात अशी. रोप लावणारी बोटं गाठ चाचपत जात होती. ज्या ओळी पाहून मी निर्धास्त झाले, त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसानं लावल्या होत्या.

हे मला गेल्या वर्षी कळलं. मी येऊन दुसराच दिवस होता. रिठदचे एक शेतकरी मिरचीची रोपं न्यायला आले होते, कारण आम्ही भाजीबरोबर रोपंही करतो. आईनं चहा दिला. बाबा खुशीत होते. उठले, दाराशेजारी गेले, भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे पाह्य, हे माह्या पोरीचं वावर. काचेवर लावलं तिनं."

भिंत कोरी होती. नुकतीच रंगवलेली. रंग देताना आईनं फोटो काढून मागच्या भिंतीला लावला होता आणि त्यांना सांगायचं विसरली होती.

रिठदच्या पाहुण्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "वा, झ्याक." भला माणूस. बाबांचं बोट अजून तिथेच होतं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हिला माहीत आहे, केव्हापासूनचं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चांगल्या होत्या. डावा डोळा कधीचाच गेला, म्हणाल्या. उजव्यात नळीतून पाहावं एवढं उरलंय, तेही धूसर, आणि तेही टिकेल असं वाटत नाही. मी विचारलं, चार वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी माझ्याकडे न बघता कागद सरळ केले. "उजवा वाचला असता बहुतेक," त्या म्हणाल्या. "साधे थेंब असतात. रोजचे."

बाहेर बाकावर बसलो. मी बाबांवर ओरडले. दवाखान्यात, लोकांसमोर, मोठ्यानं ओरडले, कारण मला दुसरं काही येत नाही. "सांगतलं काहून नाई? एवढी मोठी मी तिथं डोळ्यायचंच काम करून राह्यली, अन मलेच नाई सांगतलं?"

ते बसून होते. गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत, म्हणजे समोर तोंड करून.

"तूच तं म्हणली होतीस माय," ते म्हणाले. "उशीर झाला तं काईच नाई. मले तवाच डाव्यानं दिसत नव्हतं. म्हटलं, झाला आपला उशीर. मंग तुले सांगून तुह्या जीवाले घोर कायले लावा? तुह्या आईलेबी मीच बोलू देल्लं नाई."

ते हे दोष म्हणून बोलले नाहीत. अंतर चुकलेलं रोप उपटून जागेवर लावावं तसे बोलले. त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास होता. मी शिकलेली, मी उजेडाचं काम करणारी, मी म्हणाले म्हणजे तसंच. डॉक्टरकडे जायची गरजच नव्हती, घरातच डॉक्टर होती. त्या दिवशी मी एवढंच विचारायचं होतं: बाबा, तुमी काहून विचारता? चार शब्द. माझं जेवण निवत होतं.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गेलात, त्यांना मी काही शिकवणार नाही. तुमचेही फोन असतील, तुम्हीही विचारत असाल जेवले का, पाऊस झाला का. फक्त ते प्रश्न विचारतात तेव्हा घड्याळाकडे बघू नका. आणि जे राहिलात, त्यांच्यावर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. आमच्या जीवाला घोर नको म्हणून तुम्ही जे गिळता, ते आम्हाला नंतर जन्मभर खावं लागतं. सांगत जा. आम्ही चिडू, ओरडू, पण येऊ.

मग राहिली का नाहीस, असं तुम्ही विचाराल. आईनं विचारलं नाही, बाबांनी तर नाहीच. मी दोन महिने राहिले. मग गेले. काम अर्ध्यावर होतं, आणि मला वाटलं की कॅमेरा झाला तर कोणाच्या तरी बापाचं... पण हे खोटं आहे. मी गेले कारण माझं आयुष्य तिथे आहे, आणि बापाच्या रिकाम्या नजरेसमोर रोज बसायची माझी छाती नव्हती. कॅमेरा आता चालतो. अकराव्या वर्षी माझ्या काचा खऱ्या पेशंटच्या डोळ्यांत बघतात. माझ्या बापाच्या डोळ्यात मी कधी पाहिलं नाही.

या वर्षी आले तेव्हा उजवाही गेला होता. कपाटातली जुनी दोरी मी सोबत आणली. तिची आणि नव्या दोरीची टोकं एकत्र गाठली आणि घराच्या खांबापासून, वावरातून, सडकेकडच्या फाटकापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणून बांधली. मधे मधे खुंट्या. आता बाबा सकाळी उठून दोरीवर हात ठेवून एकटे वावरात जातात. बाराव्या गाठीला विहीर, विसाव्याला कडुनिंब, पुढे वांगी. तीन दिवसांत त्यांना सगळं पाठ झालं. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "जुन्या दोरीच्या गाठी बारीक हायेत, अन नव्याच्या मोठ्या. हात लावला की समजते, तुही दोरी कुठून सुरू झाली." माझी फाटकाकडची. शेवटची.

निघायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर येऊ नका म्हटलं. ऑटो सडकेवर उभा होता. आई सामान घेऊन पुढे गेली. बाबा खांबाजवळ उभे होते, दोरीवर हात. मी त्यांच्या पाया पडले आणि चालत फाटकापर्यंत आले. तिथून घर म्हणजे पत्र्याचं छत, कडुनिंब, आणि पांढऱ्या बनियनमधला एक माणूस, बस. मी अकरा वर्षं ज्याला घर म्हणत आले ते हेच होतं आणि त्याला मी आता दिसणार नव्हते. इथून पुढे मी कशीही दिसले, म्हातारी झाले, बारीक झाले, तरी त्यांच्याजवळ पाच वर्षांपूर्वीची मीच राहणार, वाकड्या ओळींना हसणारी.

हाक मारावी असं वाटलं. मी दोरीचं टोक धरलं आणि एकदा वर-खाली हलवलं.

खुंट्यांवरून जाता जाता त्यातलं कितीसं पोचलं असेल देव जाणे. पण त्यांनी मान वर केली. "उभं," ते मोठ्यानं म्हणाले.

मी दोरी तशीच धरून उभी राहिले. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. आईनं हाक मारली. बाबांचा हात अजून दोरीवर होता.

"दोरी अजून धरूनच हायेस," ते तिकडून म्हणाले. "जाय आता, एसटी सुटंन."

मी दोरी सोडली. तेही त्यांना कळलं असेल.